एकदा तारण (म्हणजे देवाकडून पापातून सुटका) मिळालं की ते कायमचं का? ख्रिश्चन लोक असं खरंच मानतात का?

सगळे नाही मानत. प्रोटेस्टंटांपैकी बहुतेक बाप्टिस्ट आणि सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या लाइनची चर्चेस मानतात, कॅथलिक आणि (प्रोटेस्टंटच असलेले) मेथडिस्ट नाही मानत.

मानणाऱ्यांचं फेव्हरिट वचन म्हणजे बायबलमधलं योहान १०:२८, येशू म्हणतो माझ्या मेंढरांना (म्हणजे अनुयायांना) माझ्या हातातून कोणीच हिसकावून घेणार नाही, आणि पुढच्याच ओळीत परत बापाच्या, म्हणजे देवाच्या, हातातूनही नाही, म्हणजे डबल लॉकच झालं की. यावर समोरचे म्हणतात, हिसकावणार नाही हे ठीक, पण मेंढरू स्वतःच उठून गेलं तर? आणि ते बायबलमधलंच इब्री ६:४-६ काढतात, तिथे देवाचं दान चाखून मग विश्वासातून पडलेल्यांबद्दल फार कडक लिहिलंय. खरं सांगायचं तर तो उतारा मलाही अजून जड जातो.

हा वाद नेदरलँड्समध्ये चांगलाच पेटला होता. १६१० मध्ये आर्मिनियस या कॅल्विनवाद्यांशी मतभेद असलेल्या डच धर्मपंडिताच्या लोकांनी हा मुद्दा मुद्दाम ओपन ठेवला आणि १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने (कॅल्विनच्या लाइनच्या चर्चची परिषद) ठणकावून सांगितलं की देव आपल्या माणसांना शेवटपर्यंत राखतो. पण लोक एक गोष्ट विसरतात, त्याच डॉर्टच्या निर्णयपत्रात बायबलमधले राजा दावीद आणि येशूचा शिष्य पेत्र किती वाईट घसरले हेही लिहिलंय, म्हणजे पडणारच नाही असं नाही, पडलेला परत उठवला जातो असं. त्यामुळे 'तारण झालंय ना, मग आता काहीही करा' हा अर्थ त्यांचा नव्हताच, उलट जो बिनधास्त तसंच जगतोय त्याचा विश्वास मुळात खरा होता का, असं ते विचारतात.

कॅथलिकांचं वेगळं, गंभीर पाप केलं तर कृपा जाते, पण पापनिवेदन करून (धर्मगुरूपुढे पाप कबूल करून) परत मिळते.