मागच्या सीटवर चौघे आणि बेल्ट तीन

प्रश्न : आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. दिवाळीनंतर समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचे ठरले आहे. यजमान गाडी चालवतील, पुढची सीट सामानाला लागेल आणि मागे मी, सासूबाई, चार वर्षांची मुलगी व आठ महिन्यांचा मुलगा असे बसू. मुलीच्या मानेला बेल्ट काचतो म्हणून ती तो काखेखालून घेते. बाळ माझ्या मांडीवर असते. मागे बसणाऱ्यांना बेल्ट लागत नाही, असे घरातील सर्वांचे मत आहे. ते बरोबर आहे का? – एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : बाळ मांडीवर असते हे वाचून मन धास्तावले, म्हणून प्रथम त्याच्याविषयी लिहितो. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी आदळून क्षणार्धात थांबली, तर आठ किलोंचे बाळ शंभर किलोंहून अधिक वजनाच्या जोराने पुढे फेकले जाते आणि कोणत्याही आईच्या हातांना ते धरून ठेवता येत नाही. हा वेग वर्धा रोडवरचा झाला. समृद्धीवर कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे आणि त्या वेगाला धडकेतील ऊर्जा जवळजवळ सहापट होते. स्वतःच्या बेल्टमध्ये बाळाला घेणे तर त्याहून घातक, कारण आपल्या शरीराचा सारा भार त्याच्यावर येतो. या वयात डोके जड आणि मान कोवळी असते. म्हणून बाळाची चाइल्ड सीट मागच्या सीटवर, त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवावी, म्हणजे धक्का मानेवर न येता पाठ आणि डोके यांवर मिळून पसरतो. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

मुलीची तक्रार खरी आहे. बेल्ट मोठ्यांच्या अंगाच्या मापाने केलेला असतो. त्याने खांद्याचे, छातीचे आणि कमरेचे हाड धरावे, अशी त्याची रचना असते. काखेखालून घेतलेला पट्टा बरगड्यांवर आणि कमरेवरून वर सरकलेला पट्टा मऊ पोटावर दाबला जातो, तेव्हा आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. तिच्यासाठी स्वतःचे पट्टे असलेली, पुढे तोंड असलेली चाइल्ड सीट घ्यावी. ती लहान पडू लागली की बूस्टर सीट, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी बैठक, आणि उंची साधारण १४५ सेंटिमीटर झाल्यावरच नुसता बेल्ट.

मागे बेल्ट लागत नाही, हे मत चुकीचे आहे. कायद्याने तो मागेही बंधनकारक आहे आणि चौदा वर्षांखालील मूल सुरक्षितपणे बांधलेले नसेल, तर १००० रुपये दंड आहे. पण मला दंडापेक्षा पुढे बसलेल्यांची काळजी अधिक वाटते, कारण मागचा मोकळा माणूस धडकेत त्यांच्यावर जाऊन आदळतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात मृत्यू पावलेले उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते.

आपल्या बेतातील खरी अडचण मात्र निराळीच आहे. मागे बेल्ट तीनच आणि बसणारे चौघे. तेव्हा सामान डिकीत किंवा वरच्या कॅरिअरवर घट्ट बांधून ठेवावे आणि सासूबाईंना पुढे बसवावे. त्यांच्या बेल्टचा खालचा पट्टा पोटावर न ठेवता ओटीपोटाखाली, मांड्यांच्या लगत घ्यावा. शाल किंवा पदर पट्ट्याच्या वरून असावा. दोन चाइल्ड सीटच्या मध्ये आपल्याला बसता येते का, हे खरेदीपूर्वी दुकानाच्या दारातच गाडीत सीट ठेवून पाहावे. जागा अपुरी पडली, तर मोठी गाडी भाड्याने घेणे किंवा एकाने रेल्वेने जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पहाटे निघणार असाल, तर मुलांना जाड स्वेटर घालून पट्टे बांधू नयेत. धडकेत लोकर दबते आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा आवळावा, खांद्यावर तो चिमटीत धरता येत नाही ना ते पाहावे आणि मग वरून पांघरूण घालावे.