ख्रिसमसच्या हॉरर कॉमेडीत लोकांना एवढं काय आवडतं?

ख्रिसमस म्हणजे घर, लायटिंग, केक, सगळं सेफ, आणि नेमकं तिथंच भूत घुसवलं की भीती डबल होते आणि हसूही फुटतं, खरं कारण हेच. १९८४ चा ग्रेमलिन्स हा अमेरिकन सिनेमा बघा की, सणाच्या स्वयंपाकघरात आई त्या पिशाच्चांना मिक्सरात आणि मायक्रोवेव्हमध्ये संपवते, किंचाळावं की हसावं कळत नाही. शिंगंवाला राक्षस क्रॅम्पस तर सिनेमावाल्यांनी काढलेलाच नाही, ऑस्ट्रियाकडं ५ डिसेंबरच्या रात्री तो वांड पोरांना भीती घालत फिरतो ही जुनी प्रथा आहे, आणि आपल्या बेळगावात ३१ डिसेंबरला ओल्ड मॅनचा, म्हणजे सरत्या वर्षाचा, पुतळा जाळतात तेव्हा पोरं घाबरत घाबरत पुढं सरकतात तशीच ती मजा. फक्त लहान पोरांना दाखवू नका, ग्रेमलिन्ससारख्या सिनेमांवर पालकांनी ओरड केली म्हणूनच अमेरिकेत पीजी-१३, म्हणजे १३ वर्षांखालच्या पोरांसाठी पालकांना सावध करणारं, रेटिंग आलं.