ब्रिटनमधल्या पेन्शनरांचा हिवाळी इंधन भत्ता बंद झाला का? त्यावर एवढा गदारोळ का झाला?

नाही, बंद झालेला नाही. 2024 च्या हिवाळ्यात बहुतेकांचा गेला होता, 2025 मध्ये बराचसा परत आला. 1997 पासून घर गरम ठेवण्याच्या खर्चासाठीचा हा भत्ता सगळ्याच पेन्शनरांना, अगदी श्रीमंतांनाही, मिळायचा: अलीकडच्या वर्षांत घरटी 200 पौंड, वय ऐंशीच्या पुढे असेल तर 300. जुलै 2024 मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तिजोरीतल्या तुटीचं कारण देत तो फक्त ‘पेन्शन क्रेडिट’सारखी गरिबांसाठीची मदत घेणाऱ्यांपुरता ठेवला. सुमारे एक कोटी लोक वगळले गेले. श्रीमंतांना हे पैसे कशाला, हा सवाल मला रास्तच वाटतो. घोळ झाला तो रेषा फार खाली ओढल्यामुळे. एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची मर्यादा आठवड्याला 218 पौंडांच्या आसपास होती. त्याहून दोन-चार पौंड जास्त मिळवणारा थेट बाहेर. शिवाय पात्र असूनही लाखो वृद्ध अर्जच करत नाहीत (फॉर्म किचकट, वर संकोच), त्यामुळे खरे गरजूही सुटले. स्वपक्षीय खासदारांची नाराजी आणि स्थानिक निवडणुकांतला मार यांनंतर जून 2025 मध्ये सरकारनं माघार घेतली. आता वार्षिक उत्पन्न 35,000 पौंडांपर्यंत असेल तर भत्ता राहतो, त्यावर असेल तर करातून परत वसूल होतो. उत्पन्न प्रत्येकाचं वेगळं धरतात, नवरा-बायकोचं एकत्र नाही.

मात्र हे इंग्लंड-वेल्सचं झालं. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, आणि भारतात कायमचे परतलेल्यांना हा भत्ता मिळत नाही.