विद्यार्थ्यांचा परदेशप्रवास : माहितीपत्रक छापण्याआधी विचारा

परदेशी अभ्यासक्रमांना जाणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम घ्यावं का आणि घेतलं तर आपली हद्द कुठे संपते, हा गोंधळ प्रवास व्यावसायिकांच्या पत्रांतून सतत येतो आहे. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : विद्यार्थी मोबाइलवर सर्वांत स्वस्त तिकीट शोधतात. मग आम्हाला यात काय मिळणार?

उत्तर : सुट्या विद्यार्थ्यांच्या मागे लागलात तर फारसं काही नाही. काम असतं ते कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेकडे. संस्था वर्षानुवर्षं त्याच सुमारास गट पाठवते. त्यात विमानाबरोबर वसतिगृहापर्यंतची गाडी, अभ्याससहली आणि परतीचा प्रवासही येतो. शिवाय अधूनमधून पालक भेटायला जातात. पहिल्यांदा एकच छोटा गट घ्या आणि जबाबदाऱ्या संस्थेच्या समन्वयकाबरोबर बसून लेखी ठरवा.

प्रश्न : ग्रूप फेअरसाठी, म्हणजे गटाच्या वेगळ्या भाड्यासाठी, किती प्रवासी लागतात?

उत्तर : बहुतेक ठिकाणी किमान 10, नावं देण्याची मुदत विमान कंपनीच्या ग्रूप डेस्कलाच विचारा.

प्रश्न : संस्थेने माहितीपत्रक छापलं आणि आम्हाला फक्त तिकिटं काढायला सांगितलं. व्हिसा हातात आला की केव्हाही जाता येतं, असं ऐकतो. खरं आहे का?

उत्तर : नाही. या ऐकीव माहितीने दरवर्षी कुणाचे ना कुणाचे पैसे बुडतात. अमेरिकेचा एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा बराच आधी मिळू शकतो, पण अभ्यासक्रम सुरू होण्याच्या 30 दिवसांहून आधी त्यावर देशात शिरता येत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमासाठी फार तर एक आठवडा आधी पोहोचता येतं, त्याहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी एक महिना.

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, तर चूक माहितीपत्रकातच छापलेली असते. 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणजे 84 दिवस, पुढे ‘दोन आठवडे मनसोक्त भटकंती’. झाले 98. अल्पमुदतीच्या मुक्कामाला कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे. ती सगळ्या शेंगेन देशांची मिळून असते. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरतात. हे गणित पाच मिनिटांचं आहे, पण ते करणारा माणूस तारखा ठरताना खोलीत नसतो!

वर्षभराच्या अभ्यासक्रमात आणखी एक अडचण येते. विमान कंपन्या साधारण अकरा महिन्यांपुढच्या जागा विकायला काढत नाहीत, त्यामुळे परतीची खरी तारीख तिकिटावर घालताच येत नाही. तारीख बदलता येईल असं भाडं घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च शुल्क जाहीर होण्याआधीच धरायला हवा. म्हणून संस्थांनी तुम्हाला कार्यक्रम आखतानाच बोलवायला हवं. त्यांनी बोलावलं नाही तर तुम्ही जा. मात्र व्हिसाचे नियम बदलतात. तिकिटं काढण्याआधी प्रत्येक वेळी वकिलातीची ताजी माहिती पाहा आणि संस्थेच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडून खात्री करून घ्या.

प्रश्न : व्हिसा कुठला घ्यावा हेही आम्हीच सांगितलं तर?

उत्तर : सांगू नका. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे मोबदला घेऊन असा सल्ला द्यायला अधिकृत मान्यता लागते. ती असलेल्या सल्लागाराकडे पाठवा.

प्रश्न : एक कार्यक्रम दर विद्यार्थ्यामागे कमिशन आणि आम्हाला फुकट परदेशवारी देतो आहे. घ्यावी का?

उत्तर : विद्यार्थ्याला सांगता येणार नाही असं काहीही घेऊ नका. विद्यापीठांना मिळणाऱ्या अशाच फुकट वाऱ्या आणि सवलतींवरून 2007 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी सुरू केली होती. आपलं सेवाशुल्क बिलावर स्वतंत्र दाखवा. करारावर सही करण्याआधी तो वकिलाला दाखवा.

प्रश्न : तिकिटासोबत मिळणारा विमा पुरतो का?

उत्तर : सहसा नाही. तो बहुधा सामान आणि रद्द झालेला प्रवास पाहतो. विद्यार्थ्याला पूर्ण मुदतीचा वैद्यकीय विमा लागतो, त्यात उपचारासाठी मायदेशी आणण्याचा खर्चही हवा. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं. आधीपासूनचे आजार आणि मानसिक आरोग्य त्यात येतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. मार्च 2020 मध्ये सीमा एकामागून एक बंद होत असताना पहिला प्रश्न होता तो कोणता विद्यार्थी कुठे आहे आणि त्याचं परतीचं तिकीट कोणाकडे आहे, हा. ती यादी तुमच्याकडे आणि समन्वयकाकडे, दोन्हीकडे असू द्या आणि मुलं मधल्या सुट्टीत कुठे गेली, तेही तिच्यात नोंदवत राहा.