प्राध्यापक नीट शिकवत नसतील तर नापास होण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची कशी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, संख्याशास्त्रात नापास झाला आहात आणि तुमचे प्राध्यापक तासाला नुसत्या स्लाइड वाचून दाखवतात. घरचे म्हणतात चूक तुझी, मित्र म्हणतात चूक सरांची. परीक्षा तर पुन्हा द्यायचीच आहे. मी बरीच वर्षं पदवीच्या वर्गांना हाच विषय शिकवते, त्यामुळे सगळं मोकळेपणाने सांगते.

आधी तुमच्या तक्रारीबद्दल. ती पळवाट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या महाविद्यालयीन वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. जिथे फक्त व्याख्यान होतं, तिथे नापासांचं प्रमाण सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास होतं. जिथे तासातच विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला, एकमेकांना समजावून सांगायला लावत होते, तिथे ते २२ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक चांगलाच मोठा आहे. ‘ज्याला शिकायचंय तो कसाही शिकतो’ असं कुणी म्हणालं की मी हेच आकडे पुढे करते. स्लाइड वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे, आणि स्वतः शिक्षक असूनही हे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पण त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गातही तीनातले जवळजवळ दोन विद्यार्थी पास होत होते. ते सगळे कष्टाळू आणि नापास झालेले सगळे आळशी, असा अर्थ यातून काढू नका. कुणाचा शाळेतला पाया पक्का असतो, कुणाला घरी विचारायला माणूस असतो, कुणाला संध्याकाळी नोकरीवर जायचं नसतं. तरी एवढं निश्चित की वाईट शिकवण्याने वाट अवघड होते, पण निकाल एकट्या त्यानेच ठरत नाही.

घरचे आणि मित्र दोघेही ‘चूक कुणाची’ एवढंच ठरवताहेत. त्याचं उत्तर ‘सरांची’ असं निघालं असं धरू. मग पुढच्या सोमवारी तुमच्यासाठी काय बदलतं? सर त्याच स्लाइड वाचणार, पेपर त्याच अभ्यासक्रमावर निघणार आणि गुणपत्रिकेवर नाव तुमचंच असणार. मी जबाबदारी म्हणते ती या सोमवारची. बिघडवलं कुणी हे बघायचं नाही असं नाही, पण ते ठरेपर्यंत आपलं काम थांबवून ठेवणं तुम्हाला परवडणारं नाही.

प्राध्यापकांना जाब विचारूच नये, असंही माझं म्हणणं नाही. युरोपातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांपैकी एक, इटलीतलं बोलोन्या. तिथे मध्ययुगात विद्यार्थ्यांच्या संघटनाच प्राध्यापकांना नेमत. प्राध्यापक तासाला उशिरा आला, घंटा झाल्यावरही बोलत राहिला किंवा अवघड भाग गाळून पुढे गेला, तर त्याला दंड होत असे. पुन्हा तसंच करा असं मी सुचवत नाही. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: गाळलेल्या भागाचा हिशोब ते विद्यार्थी तिथल्या तिथे मागत. निकालापर्यंत वाट बघत बसत नसत.

आता वेळेचा हिशोब बघू, कारण शाळेतून पदवीला आलेल्या बहुतेकांची पहिली ठेच इथेच लागते. युरोपातल्या विद्यापीठांत एका क्रेडिटचा अर्थ विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम असा धरतात. पाच क्रेडिटचा विषय म्हणजे १२५ ते १५० तास. त्यातले वर्गात जाणारे तास बहुधा निम्म्यापेक्षा कमीच असतात, बाकीचे तुमचे तुम्हाला घालवायचे असतात. तुमच्याकडे मोजणी वेगळी असेल, पण रचना सगळीकडे साधारण हीच. शाळेत विषय वर्गात शिकवला जातो आणि घरी त्याची उजळणी होते. पदवीला विषयाचा मोठा भाग वर्गाबाहेर शिकायचा असतो आणि वर्गात त्याची दिशा मिळते. हे पहिल्या दिवशी कुणी बसवून सांगत नाही, ही आमची, म्हणजे शिकवणाऱ्यांची, मोठी उणीव आहे.

हे वर्गाबाहेरचे तास कमी होत चालल्याचं दिसतं. फिलिप बॅबकॉक आणि मिंडी मार्क्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची आकडेवारी तपासली. १९६१ साली ते वर्गाबाहेर आठवड्याला सरासरी २४ तास अभ्यास करत, २००३ पर्यंत तो १४ तासांवर आला होता. नोकरी करणारे आणि न करणारे, दोन्ही गटांत घट होती. यावरून ‘आजकालच्या मुलांना काही पडलेलंच नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. १४ तासांत पदवी मिळत असेल तर ती देणाऱ्या संस्थांनीही मागणं कमी केलंय. विद्यार्थी फार विचारत नाहीत, प्राध्यापक फार मागत नाहीत, दोघांचंही निभावतं. नुकसान मात्र एकाच बाजूचं होतं, कारण पुढे विषय ज्याला वापरायचा असतो तो विद्यार्थीच असतो.

तास घातले तरी ते कसे घातले, हा भाग राहतोच. आमच्याकडे निकालानंतर उत्तरपत्रिका बघायला मिळते. बहुतेकजण पहिल्या पानावरची बेरीज तपासतात, कुठे अर्धा मार्क सुटलाय का ते बघतात आणि जातात. एक मुलगी थांबली. तिने परिकल्पना चाचणीचं, म्हणजे आकड्यांवरून एखादं गृहीतक तपासण्याचं, गणित पूर्ण सोडवलं होतं, पी व्हॅल्यू ०.०३ अगदी बरोबर काढली होती, आणि खाली लिहिलं होतं, ‘म्हणून नल हायपोथेसिस स्वीकारली.’ नल हायपोथेसिस म्हणजे ‘फरक किंवा परिणाम काहीच नाही’ असं सुरुवातीला धरलेलं गृहीतक. पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली होती, म्हणून पाच टक्क्यांच्या पातळीला ती फेटाळायला हवी होती. ती म्हणाली, “मॅडम, गणित तर बरोबर आहे, मग मार्क का गेले?” मी म्हटलं, “या ०.०३ चा अर्थ तुझ्या शब्दांत सांग.” ती पानाकडे बघत राहिली. सोडवलेली उदाहरणं तिने अनेकदा वाचली होती, सूत्रं तोंडपाठ होती. पण शेवटच्या ओळीत काय म्हणायचंय, ते पुस्तक मिटून एकदाही लिहून बघितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती कोऱ्या कागदावर उत्तर लिहून घेऊन आली. त्यात होतं, ‘नल हायपोथेसिस खरी असण्याची शक्यता ३ टक्के.’ हेही चूक, पण फार चांगली चूक, कारण आता मला नेमकं दिसलं की गाडी कुठे अडलीय. ती ३ टक्के शक्यता हायपोथेसिसची नसतेच. हायपोथेसिस खरी आहे असं धरलं, तर हाती आलेल्या आकड्यांइतके किंवा त्याहून टोकाचे आकडे दिसण्याची ती शक्यता असते. दहा मिनिटांत ते तिला कळलं. आधीच्या चार महिन्यांत ते कळलं नव्हतं, कारण ते विचारण्याची वेळच आली नव्हती.

यात तिचा आळस नव्हता. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आपल्याला येतं असं वाटायला लागतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा एक प्रयोग मी दरवर्षी पहिल्या आठवड्यातच सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो पहिल्या सत्रातच वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तेव्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४० टक्के उरलं होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ६१. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स वाचून जो आत्मविश्वास येतो तो पाच मिनिटांनंतरचा असतो.

इथे एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. ‘नीट शिकवतात’ हे आपण कशावरून ठरवतो? हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांना वर्गात स्वतः झगडून प्रश्न सोडवायला लावले ते चाचणीत जास्त शिकलेले निघाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचं उलट होतं. मी तासाला गणितं सोडवायला देते तेव्हा अभिप्रायात हमखास येतं: ‘मॅडम शिकवत नाहीत, सगळं आम्हालाच करायला लावतात.’ तुमचे सर स्लाइड वाचतात, तेव्हा ही गोष्ट त्यांना लागू नाही. पण पुढे कधी एखादे प्राध्यापक तुम्हाला घाम फोडतील, तेव्हा ते वाईट शिकवतात असं लगेच ठरवू नका.

‘स्लाइडच वाचणार तर तासाला जाऊ कशाला?’ हेही तुम्ही विचारलंय. जा. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा महाविद्यालयातल्या गुणांशी हजेरीचा संबंध प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षाही घट्ट निघाला. हजेरी लावली की आपोआप मार्क पडतात असा याचा अर्थ नाही. नियमित येणारा बाकीचंही नियमित करत असणार. पण स्लाइड आधी वाचून, न कळलेल्या दोन जागांवर खूण करून तुम्ही वर्गात बसलात, तर तोच कंटाळवाणा तास तुमच्या दोन प्रश्नांपुरता तरी उपयोगी पडतो.

आजारपण, घरातली जबाबदारी, पोटासाठी करावी लागणारी नोकरी, मनाची घालमेल, यांतलं काही मागे असेल तर ‘सगळं माझंच’ म्हणून एकट्याने ओढत बसू नका. अडचण वेळेत सांगणं, सवलत किंवा मुदतवाढ मागणं, समुपदेशकाकडे जाणं, हा जबाबदारीचाच भाग आहे. मला चांगले विद्यार्थी वर्षं गमावताना दिसले ते बहुतेक इथे. डेडलाइन उलटून गेल्यावर येऊन सांगतात, तेव्हा माझे हात बांधलेले असतात. आठवडाभर आधी आले असते तर काहीतरी करता आलं असतं. आणि पेपर चुकीचा तपासला गेलाय असं वाटत असेल तर फेरतपासणीचा अर्ज बेलाशक करा, तो तुमचा हक्क आहे.

नापास झालो म्हणजे आपल्यात हे नाहीच, हा विचारही बाजूला ठेवा. टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल यांनी १९८२ साली गुणांची चिंता लागलेल्या पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना एवढंच दाखवलं की सुरुवातीला अनेकांचे गुण कमी असतात आणि पुढे सुधारतात. त्यांच्यापैकी ५ टक्क्यांनी पुढे कॉलेज सोडलं. हे ज्यांना सांगितलं नव्हतं त्यांच्यापैकी २५ टक्क्यांनी. प्रयोग लहान होता, फक्त ४० विद्यार्थ्यांचा, त्यामुळे मी त्यावर फार इमले रचत नाही. पण माझ्या वर्गांत जे बघते त्याच्याशी तो जुळतो.

आता पुढच्या परीक्षेबद्दल. उत्तरपत्रिका मिळत असेल तर मिळवा आणि गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर कारण लिहा: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण मांडता आलं नाही, वेळ संपला, की आकडेमोड चुकली. पहिल्या दोन कारणांतच बहुतेक मार्क सापडतील. जुने पेपर पुस्तक मिटून सोडवा, आणि प्रत्येक गणिताच्या शेवटी उत्तराचा अर्थ एका साध्या वाक्यात लिहा. मग सरांना भेटा. ‘सर, काहीच समजलं नाही’ म्हटलंत तर त्यांना सुरुवात कुठून करावी कळणार नाही. ‘सर, या गणितात मी या ओळीपर्यंत आलो, इथे टी चाचणी का घ्यायची ते कळत नाही’ असं विचारा. स्लाइड वाचणारे प्राध्यापकसुद्धा अशा प्रश्नावर खुर्ची ओढून बसवतात, हे मी आमच्याच विभागात पाहिलंय.

वर्गातल्या चार-पाच जणांना सोबत घेऊन सरांना सांगूनही बघा की तासातली शेवटची दहा मिनिटं एक गणित सोडवून घ्याल का. नाही ऐकलं तर विभागप्रमुखांना लेखी द्या, कोणता भाग झाला नाही ते तारखांसकट, आणि तास चालू असतानाच द्या. निकाल लागल्यावर आलेल्या पत्रावर त्यांना फारसं काही करता येत नाही.

एखाद्या गणितात अडलात तर इथेच लिहा, मी बघेन. फक्त कुठल्या ओळीपर्यंत पोहोचलात तेही सोबत टाका.