गोल्डबर्ग डब्ल्यूडब्ल्यूई मध्ये यायच्या आधी फुटबॉल खेळायचा हे खरं आहे का? आणि फुटबॉलचा त्याला कुस्तीत फायदा झाला की तोटा?

खरंय. फक्त एक आधी क्लिअर करतो, फुटबॉल म्हणजे मेस्सीवाला नाही, अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल टीमच्या नावातच तालीम असते, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, त्यामुळे गोल्डबर्ग आधी फुटबॉल खेळायचा असं कुणीतरी सांगितलं तेव्हा मला त्यात काहीच विशेष वाटलं नव्हतं, म्हटलं खेळत असेल, पैलवान गडी आहे. भानगड वेगळी आहे हे बऱ्याच वर्षांनी कळलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: फायदा सगळा त्याला झाला, तोटा बराचसा समोरच्याला. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

बिल गोल्डबर्गचा जन्म २७ डिसेंबर १९६६ चा, ओक्लाहोमातल्या टल्साचा (तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे). कॉलेजला जॉर्जिया युनिव्हर्सिटीकडून खेळला, डिफेन्सिव्ह टॅकल. म्हणजे समोर जे दीडदीडशे किलोचे गडी भिंत करून उभे असतात ती भिंत फोडायची आणि मागे ज्याच्या हातात बॉल आहे त्याला आडवा करायचा, बास, बॉल घेऊन पळायचं वगैरे काम ह्याच्याकडे नाही. १९९० च्या ड्राफ्टमध्ये (मोठ्या लीगच्या टीम कॉलेजची पोरं एकेक करून निवडून घेतात तो कार्यक्रम) त्याला लॉस एंजेलिस रॅम्सने घेतला, पण कितव्या नंबरला, तर ३०२ व्या, अकराव्या राउंडला. तेव्हा राउंडच बारा असायचे, म्हणजे लग्नात अगदी शेवटच्या पंगतीला पान मिळाल्यासारखं. रॅम्समध्ये काय त्याचं जमलं नाही. मग १९९२ ला सॅक्रामेंटो सर्ज नावाच्या टीमकडून वर्ल्ड लीग नावाच्या दुय्यम लीगमध्ये खेळला, ती टीम त्या वर्षी जिंकली पण, आणि मग अटलांटा फाल्कन्स. तिथे १९९२ ते ९४ असे तीन सीझन काढले आणि खेळायला मिळालेल्या मॅच किती, तर १४. त्यात पोटाची अशी दुखापत झाली की ऐकूनच कसंतरी होतं, ओटीपोटाचा स्नायू कमरेच्या हाडापासून फाटून सुटला. १९९५ ला कॅरोलिना पँथर्स ही नवीन टीम आली, त्यांनी ह्याला उचलला आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच सोडूनही दिला. विषय संपला. २८ वर्षांचा माणूस, आयुष्यभर एकच गोष्ट शिकलेला, आणि ती आता करता येत नाही.

आता हे अमेरिकेत नवीन नाही बरं का. द रॉक मायामी युनिव्हर्सिटीच्या १९९१ च्या चॅम्पियन टीममध्ये होता, मग कॅनडात कॅलगरीच्या टीमने काढून टाकल्यावर कुस्तीत आला. रोमन रेन्स जॉर्जिया टेककडून खेळलाय. स्टीव्ह ऑस्टिन कॉलेजला फुटबॉलच खेळायचा. कारण साधं आहे, ह्या लोकांचं फुटबॉल तरुणपणीच संपतं, शरीर मात्र तसंच राक्षसासारखं असतं, मार खायची सवय असते आणि हजारो लोकांपुढे उभं राहायची भीती गेलेली असते, असा माणूस कुस्तीवाल्यांना आयता मिळतो.

गोल्डबर्ग असाच मिळाला. दुखापतीनंतर अटलांटातल्या जिममध्ये व्यायाम करताना लेक्स लुगर आणि स्टिंग ह्या दोन पैलवानांच्या नजरेत आला, आणि लुगर स्वतः फुटबॉल सोडूनच कुस्तीत आलेला, त्यामुळे त्याने बरोबर माल ओळखला असणार. डब्ल्यूसीडब्ल्यू ही कुस्तीची कंपनी (तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईची स्पर्धक) पण अटलांटाचीच, तिची पॉवर प्लांट नावाची ट्रेनिंगची शाळा तिथेच होती, त्यात हा दाखल झाला. आणि २२ सप्टेंबर १९९७ ला टीव्हीवर पहिली मॅच, ह्यू मॉरस विरुद्ध, जिंकला.

इथे फुटबॉलचा फायदा कळतो. कंपनीला पण कळलं होतं की ह्याला वीस मिनिटं मॅच करता येत नाही, शिकलाच कुठे होता तेवढं. मग त्यांनी डोकं लावलं, ह्याची मॅच दोन मिनिटांचीच ठेवायची. काळी चड्डी, काळे बूट, तोंडातून अवाक्षर नाही, ड्रेसिंग रूमपासून गार्ड बरोबर घेऊन चालत येणार, ठिणग्यांच्या धुरात उभा राहून नाकातोंडातून धूर सोडणार, एक स्पिअर, एक जॅकहॅमर (उलटा उचलून पाठीवर आपटायचा), घरी. अमेरिकन फुटबॉल कधी बघितलं असेल तर आठवा, एक डाव पाच सहा सेकंदच चालतो, जीव तोडून आदळायचं की शिट्टी, परत उभं राहायचं, परत आदळायचं. गोल्डबर्गची मॅच म्हणजे असे चार डाव एकामागोमाग लावलेले. त्याला दम लागायच्या आत मॅच संपायची. आणि तो स्पिअर म्हणजे दुसरं काय, फुटबॉलचा टॅकलच की, खांदा समोरच्याच्या पोटात, हात कमरेला, आणि पाय थांबवायचे नाहीत, पळत राहायचं. फुटबॉलमध्ये हेच करून तीन वर्षांत १४ मॅच मिळाल्या, इथे त्याच गोष्टीने तो वर्षभरात अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला पैलवान झाला.

आणि मग ६ जुलै १९९८. जागा अटलांटाचा जॉर्जिया डोम. हे फाल्कन्सचं स्टेडियम, म्हणजे जिथे तीन सीझन बहुतेक वेळ बाहेर बसून काढले तीच जागा. ४० हजाराच्या आसपास पब्लिक. त्याच रात्री आधी स्कॉट हॉलला हरवला आणि मग हल्क होगनला हरवून वर्ल्ड टायटल घेतलं. व्हिडिओ सापडला तर बघा, शेवटी पब्लिकचा आवाज असा येतो की कॉमेंट्री ऐकू येत नाही. (कंपनीने ही मॅच फुकट टीव्हीवर दाखवून टाकली, पैसे लावून दाखवली असती तर किती कमावले असते ह्यावर जुने फॅन अजून भांडतात. मी त्यांच्या बाजूने आहे, येडेपणाच तो.)

न हरण्याचा रेकॉर्ड १७३ पर्यंत नेला असं कंपनी सांगायची. लोकांनी मोजले तर तेवढे भरत नाहीत, आकडा मध्येच उड्या मारायचा, पण ते सोडा. पहिला पराभव झाला २७ डिसेंबर १९९८ ला, वॉशिंग्टनमध्ये, स्टारकेड नावाच्या कंपनीच्या मोठ्या शोला. तारीख लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ३२ वा वाढदिवस त्याचा. केव्हिन नॅशने हरवला, तोही स्कॉट हॉलने शॉकची गन लावली म्हणून. बर्थडे गिफ्ट.

आता तोट्याकडे येतो, आणि इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे.

आम्ही गोल्डबर्गला पहिल्यांदा बघितला २००३ ला, टेन स्पोर्ट्सवर, डब्ल्यूडब्ल्यूई मध्ये येऊन त्याने रॉकला स्पिअर मारला तेव्हा. घरी काका मागे चहा पीत बसलेले, ते तरुणपणी तालमीत जायचे, त्यांचं कायम एकच, "ह्याला कुस्ती म्हणत्यात व्हय? नाटक हाय सगळं." काका बाहेर गेले की आम्ही गाद्या टाकून चालू. एकदा मी चुलतभावाला धावत येऊन असा स्पिअर घातला की तो गादी सोडून मागे लोखंडी ट्रंकेवर गेला, हनुवटी फुटली, तीन टाके. काकांनी मला आधी धुतला आणि मग जे बोलले ते आज समजतं, "त्यो टीव्हीवरचा मारतोय तवा समोरच्याला धरतोय, तू सोडलास." म्हणजे नाटक म्हणणाऱ्या माणसाला पण दिसत होतं की धरणं हीच त्यातली खरी कला आहे.

फुटबॉल नेमकं हे शिकवत नाही. तिथे समोरच्याने हेल्मेट घातलंय, पॅड घातलेत, त्याचं तो बघेल, तू पूर्ण जोर लाव. कुस्तीच्या ह्या धंद्यात समोरचा स्वतःचं शरीर तुमच्या हातात देतो आणि ते धड परत करायची जबाबदारी तुमची. गोल्डबर्गला प्रसिद्धी आधी मिळाली आणि शिकायला वेळ मिळालाच नाही. १९ डिसेंबर १९९९, परत स्टारकेड, परत वॉशिंग्टनचा तोच हॉल, समोर ब्रेट हार्ट. ब्रेट म्हणजे असा माणूस की तो कुणाला लागू देत नाही ह्याचाच त्याला अभिमान. त्या मॅचमध्ये गोल्डबर्गने एक लाथ मारली, ती थेट ब्रेटच्या डोक्याला. क्लिप मी किती वेळा बघितली असेल, बघताना काहीच मोठं वाटत नाही, ब्रेट पडतो, उठतो, मॅच पूर्ण करतो. पण मेंदूला मार बसला होता. पुढच्याच वर्षी ब्रेट हार्टला कुस्ती सोडावी लागली. ब्रेट त्यावर नंतर कित्येक वर्षं उघडपणे कडवट बोलत आलाय, आणि गोल्डबर्गने वाईट वाटतं असं जाहीर म्हटलेलं आहे. मुद्दाम केलं नाही हे कुणीही मान्य करेल. पण माझ्या भावाला पण मी मुद्दाम नव्हता मारला.

आणि लगेच चार दिवसांनी, २३ डिसेंबरला, हाच माणूस शोमध्ये लिमोझिन गाडीच्या काचा फोडत होता. काच फोडायला हातात लपवून लोखंडाचा तुकडा धरायचा असं ठरलं होतं, पण जोशात शेवटी नुसत्या हातानेच ठोसा घातला. हाताच्या चिंध्या झाल्या, कित्येक महिने बाहेर. इतरांनाच नाही, स्वतःला पण तो तसाच वागवायचा, उगाच एकतर्फी नको सांगायला.

२००१ ला डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली. डब्ल्यूडब्ल्यूईतलं २००३ चं वर्ष ठीकठाक, ट्रिपल एच कडून टायटल घेतलं, पण तिथे त्याला पंधरा पंधरा मिनिटं लढवायला लागले आणि मजा गेली. १४ मार्च २००४ च्या रेसलमेनियाला ब्रॉक लेसनर विरुद्ध मॅच, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आणि दोघं पण कंपनी सोडून चाललेत हे पब्लिकला आधीच कळलेलं, त्यामुळे अख्ख्या हॉलने दोघांनाही शिव्या घातल्या. आता गंमत बघा, लेसनर कशासाठी सोडून चालला होता? फुटबॉल खेळायला! मिनेसोटा वायकिंग्जकडे ट्राय केला आणि सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांनी काढून टाकला. म्हणजे रिंगमध्ये एक फुटबॉलमधून हाकललेला आणि एक फुटबॉलमध्ये हाकलला जाणार असलेला.

मग १२ वर्षं गोल्डबर्ग गायब. नोव्हेंबर २०१६ ला परत आला, पन्नाशीला महिना बाकी, समोर परत लेसनर, आणि १ मिनिट २६ सेकंदात खेळ खलास. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाईलवर बघत होतो, पाणी प्यायला वळलो तेवढ्यात संपली, शप्पथ. सगळ्यांना परत १९९८ आठवलं. तिथेच थांबायला हवं होतं असं माझं मत. नाही थांबला. २२ सेकंदात केव्हिन ओवन्सला हरवून टायटल घेतलं ते बऱ्याच लोकांना रुचलं नाही, आणि २०१९ ला सौदीत जेद्दाहला अंडरटेकरशी मॅच झाली ती तर मी परत बघू शकत नाही. ५२ चा हा, ५४ चा तो, वर तिथला उन्हाळा. गोल्डबर्गचं डोकं रिंगच्या खांबावर आदळलं, रक्त आलं, भान हरपलं, आणि तशात जॅकहॅमर लावायला गेला तर अंडरटेकर जवळजवळ डोक्यावर उतरला. थोडक्यात वाचला. वीस वर्षांनी तोच प्रश्न, धरता आलं नाही. फरक एवढाच की ह्या वेळी हातात जोर पण नव्हता.

शेवटची मॅच १२ जुलै २०२५, वय ५८, गुंथर विरुद्ध, गाव परत अटलांटाच. जॉर्जिया डोम २०१७ लाच पाडलाय, त्यामुळे दुसऱ्या हॉलमध्ये. गुंथरने गळा आवळून बेशुद्ध केला, हरला. नंतर माईक घेऊन लोकांशी बोलायला लागला तर टीव्हीवरचा वेळ संपला आणि वाक्याच्या मध्येच प्रक्षेपण कट! त्यावरून त्याने नंतर नाराजी पण बोलून दाखवली, आणि खरंच वाईट होतं ते. दोन मिनिटांच्या मॅच करून नाव कमावलेल्या माणसाला शेवटी दोन मिनिटं कमी पडली.

बाकी एक राहिलं, त्याचा मुलगा पण फुटबॉलवालाच निघाला, कोलोराडो युनिव्हर्सिटीत गेला, तिथला कोच डियॉन सँडर्स. हा सँडर्स म्हणजे बापाचा फाल्कन्समधला टीममेट.