लेकाच्या नावावर फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबतच्या खर्चाच्या वहीची पानं, दोन्ही नीट वाचली. वाटणीत आलेली जमीन विकून २४ लाख हाती आलेत. मुलगा ११ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक), दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ६० टक्के. धाकटी लेक सात वर्षांची. यजमानांचा पगार हातात ६८,००० पडतो, तुमच्या शिकवण्यांचे १२,००० येतात. आता १४ लाखांचं कर्ज काढून ३८ लाखांचा वन बीएचके मुलाच्या नावावर घ्यायचा, म्हणजे आपल्यामागे त्याच्या डोक्यावर छप्पर राहील आणि भाडंही येत राहील, असं तुम्हा दोघांच्या मनात आहे. हप्ता बसावा म्हणून ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करायला शिकवणारे उपचार) आठवड्यातून तीनऐवजी एकदा करायची आणि शाळेतली शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या मदतीला असणारी शिक्षिका, बंद करायची.

हा फ्लॅट घेऊ नका. टोकन दिलं नसेल तर थांबा.

पहिली अडचण कायद्याची. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावावरची मिळकत आईवडिलांनासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तसं स्पष्ट आहे. म्हणजे फ्लॅट त्याच्या नावावर झाला की कर्जासाठी तारण ठेवतानाच गाडी अडेल. पुढे तो १८ वर्षांचा झाला की तुम्ही आपोआप त्याचे पालक राहत नाही. त्याला व्यवहार समजत नसेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब सादर करायचा. हे तुम्हाला पुढे करावं लागणारच आहे. पण तुम्ही नसताना भाडेकरू शोधणं, गळती काढणं, सोसायटीची थकबाकी भरणं ही कामं त्याच्यासाठी करणार कोण? छपरालाही सांभाळणारा माणूस लागतो, ताई.

दुसरी बाजू आकड्यांची. तुमच्याच अंदाजाने भाडं ९,००० मिळेल. वर्षाचे १,०८,००० धरले, तर ३८ लाखांवर ते तीन टक्केही होत नाहीत, आणि त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स जायचाच. १४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता महिना १३,८०० च्या आसपास. हा खड्डा भरायला तुम्ही त्याची थेरपी कापणार आहात. अकराव्या वर्षी तो स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकतोय, असं तुम्ही लिहिलंय. पुढे त्याला दिवसभर माणूस लागेल की दोन तास पुरतील, हे अशा शिकण्यावर बरंच अवलंबून असतं, आणि उद्याचा मोठा खर्चही त्यावरच ठरतो. तिथे कात्री लावू नका.

आता वहीबद्दल. चार महिन्यांच्या चारही पानांवर तळाशी एक ओळ आहे, "माझी दाढ – पुढच्या महिन्यात", आणि दर वेळी ती खोडलेली आहे. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. तुमच्या मुलाची आजची सगळी व्यवस्था तुमच्या पाठीवर आणि यजमानांच्या पगारावर उभी आहे. त्यातलं एक जरी कोसळलं तरी फ्लॅट काही करू शकत नाही. म्हणून खर्चात "आई" नावाचं एक सदर कायमचं घाला: तुमची औषधं, दाढ, आणि आठवड्यातून दोन दुपारी मुलाला सांभाळणारं जाणतं माणूस. ही चैन नाही. त्या दुपारी तुम्ही नुसत्या झोपलात तरी चालेल.

पैशांचं मी असं करीन. चार लाख अडीनडीला, बँकेत, चटकन मिळतील असे. सहा लाखांच्या वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवी, थेरपी आणि शॅडो टीचरसाठी, म्हणजे त्यांचा भार पगारावर कमी पडेल. उरलेले १४ लाख दोघांच्या संयुक्त नावाने, वर्षभरात थोडेथोडे करून म्युच्युअल फंडात, काही शेअर्सचे, काही रोख्यांचे. दहा वर्षं तरी हात न लावता. बाजार खाली आला की धीर धरावा लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

याआधी मात्र यजमानांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा. कंपनीचं दहा लाखांचं कव्हर नोकरीबरोबर जातं आणि तसंही फार तोकडं आहे. किमान सव्वा कोटीचा घ्या. तब्येत चांगली असेल आणि तंबाखू-सिगारेट नसेल, तर वर्षाचा प्रीमियम फ्लॅटच्या दोन-तीन हप्त्यांत बसावा. मुलाच्या औषधपाण्यासाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंतचं संरक्षण, तेही वैद्यकीय तपासणीशिवाय. दिव्यांग मुलाच्या खर्चावरची ८०डीडी कलमाची करसवलत दाखवून कुणी पॉलिसी विकायला आलं तर नको म्हणा. नव्या करपद्धतीत तुमच्या उत्पन्नावर करच लागत नाही.

राहिलं मृत्युपत्र. दोघांनी वेगवेगळं करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, आणि त्यातच मुलासाठी ट्रस्ट लिहा. एक विश्वस्त तुमचा भाऊ, दुसरा घराबाहेरचा. लेकीवर आज भार टाकू नका. मोठी झाल्यावर तिला वाटलं तर ती येईल. मृत्युपत्रासोबत एक साधी वही ठेवा. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगावं लागतं, शर्टाचं मागचं लेबल कापावं लागतं, घाबरला की तो कुठे जाऊन बसतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि कुठल्याही वकिलाला नाही. ते आजपासून लिहायला घ्या.

आणि दाढेची वेळ याच आठवड्यात घ्या.